दूध संस्थेसाठी वेब आणि मोबाइल ॲप: रिअ‍ॅक्ट, रिअ‍ॅक्ट नेटिव्ह, फ्लटर की आणखी काही?

नीराकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या एका दूध संस्थेचं संकलनाचं काम नव्या ॲपवर आणायचं आहे. आम्ही तिघं आहोत. दोघांना जावास्क्रिप्ट चांगलं येतं, तिसरीनं अँड्रॉइडवर कोटलिनमध्ये काम केलंय.

गरज दोन प्रकारची आहे. संस्थेच्या ऑफिसात सचिव बसतात. सकाळ-संध्याकाळ कॅन घेऊन रांग लागते. दूध मापायचं, लिटर, फॅट, एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन घटक) पटापट टाकायचं, दर आणि रक्कम तिथल्या तिथे दिसली पाहिजे, पावती निघाली पाहिजे. हे सगळं संगणकावर, ब्राउझरमध्ये. दुसरीकडे सभासद. त्यांना आजची नोंद, दहा दिवसांचं बिल आणि पशुखाद्याची उचल किती कापली, एवढंच मोबाइलवर बघायचंय. बहुतेकांकडे कमी किमतीचे अँड्रॉइड फोन आहेत आणि रेंज येऊन-जाऊन असते.

कंपोनंट पद्धतीनं (पडदा छोट्या, परत वापरता येणाऱ्या तुकड्यांतून बांधायचा) करायचं हे ठरलंय, पण पुढे घोडं अडलंय. वेब आणि मोबाइल मिळून एकच कोड ठेवता येईल का? आणि रिअ‍ॅक्टच का, फ्लटर का नको? (रिअ‍ॅक्ट म्हणजे वेबचे पडदे बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी, रिअ‍ॅक्ट नेटिव्ह तिचं मोबाइलसाठीचं रूप, आणि फ्लटर हे दोन्हीकडचे पडदे बांधायचं वेगळं साधन.) ज्यांनी अशी दोन्हीकडची कामं केली आहेत त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

कळफलक

मी फ्लटर सुचवेन. १.० आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली, तेव्हापासून बराच पल्ला गाठलाय. बटण, यादी, फॉर्म सगळं फ्लटर स्वतः रंगवतं, त्यामुळे फोन कुठल्या कंपनीचा आहे यानं दिसण्यात फरक पडत नाही. सॅमसंगवर एक आणि शाओमीवर दुसरं ही कटकट कमी. डार्ट ही फ्लटरची भाषा शिकायला सोपी आहे, जावास्क्रिप्टवाल्याला थोड्याच दिवसांत हात बसतो. विजेट म्हणजे कंपोनंटच, आणि तिथे सगळंच विजेट आहे.

सह्यकडा

कळफलक, मोबाइलपुरतं तुमचं म्हणणं मान्य. पण नीराकाठ यांच्या कामाचा जड भाग ऑफिसातल्या ब्राउझरमध्ये आहे, आणि फ्लटर वेबवरही कॅनव्हासवर, म्हणजे एका कोऱ्या चित्रफलकावर, रंगवतं. म्हणजे पानावर नेहमीचे एचटीएमएल घटक नसतात. ब्राउझरमधला शोध, मजकूर निवडून कॉपी करणं, ब्राउझरची स्वतःची छपाई या ज्या गोष्टी वेबवर आयत्या मिळतात, त्यांची तिथे वेगळी सोय बघावी लागते. पहिल्यांदा उघडताना उतरवायचं ओझंही जास्त. दिवसभर तक्ते भरणाऱ्या सचिवांसाठी मी तो मार्ग घेणार नाही.

आता मूळ प्रश्न. जरा लांबण लागेल, पण पाया पक्का असेल तर पुढची भांडणं आपोआप कमी होतात.

रिअ‍ॅक्ट फेसबुकमध्ये जॉर्डन वॉक यांनी सुरू केलं. २०११ मध्ये तिथल्या न्यूजफीडमध्ये वापरलं गेलं, २०१२ मध्ये इन्स्टाग्रामच्या वेबवर आलं, आणि मे २०१३ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली होती, कारण जावास्क्रिप्टच्या पोटात एचटीएमएलसारखं दिसणारं जेएसएक्स लिहायचं म्हणजे इतकी वर्षं पाळलेलं सोवळं मोडण्यासारखं होतं. पण त्यामागचा विचार भक्कम होता. पडद्यावर जे दिसतं ते हातानं बदलत बसू नका. माहिती काय आहे ते सांगा, त्या माहितीला पडदा कसा दिसायला हवा ते सांगा, आणि जुन्या-नव्यातला फरक काढून तेवढाच बदल करायचं काम लायब्ररीवर सोडा. २०१४ मध्ये इव्हान यू यांचं व्ह्यू (Vue) आलं, २०१६ मध्ये अँग्युलर नव्यानं लिहिलं गेलं, पुढे फ्लटर, ॲपलचं स्विफ्टयूआय, अँड्रॉइडचं जेटपॅक कंपोज. चेहरे वेगळे असले तरी विचार सगळ्यांचा जवळजवळ हाच. तुमच्या कोटलिनवाल्या सहकारी बाईंनी कंपोज केलं असेल, तर त्यांना रिअ‍ॅक्ट परकं वाटणार नाही.

म्हणून कुठली लायब्ररी घ्यायची याआधी एक प्रश्न सोडवा: कुठली माहिती कुणाच्या ताब्यात राहणार?

तुमचाच संकलनाचा पडदा घ्या. लिटर, फॅट, एसएनएफ हे तीन आकडे सचिव टाकतात, म्हणून ते स्टेट, म्हणजे पडद्यानं स्वतः लक्षात ठेवायची बदलती माहिती. दर मात्र दरपत्रकातून निघतो, आणि रक्कम लिटर आणि दरावरून. ही दोन्ही स्टेटमध्ये ठेवायचीच नाहीत. रेंडर होताना, म्हणजे पडदा रंगवला जाताना, काढायची. मी जे प्रकल्प तपासायला घेतो त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी फॅट बदलला की यूजइफेक्ट (रेंडर झाल्यावर चालणारा कोड) चालतो, तो दर बदलतो, मग दुसरा यूजइफेक्ट चालतो, तो रक्कम बदलतो. एक अंक दाबला की पडदा तीनदा रेंडर, आणि मधल्या क्षणी नव्या फॅटशेजारी जुना दर. रांगेत उभ्या माणसाला चुकीची रक्कम क्षणभर जरी दिसली, तरी संस्थेवरचा विश्वास जातो. जे आकड्यांवरून काढता येतं ते साठवू नका. एवढा एक नियम पाळलात तरी अर्धे बग जन्मालाच येणार नाहीत.

याला एकच अपवाद आहे. नोंद पक्की झाली की त्या वेळचा दर आणि रक्कम नोंदीसोबत डेटाबेसात कायमची लिहायची. उद्या दरपत्रक बदललं म्हणून मागच्या बिलातले आकडे हलता कामा नयेत.

फलाटपाच

सह्यकडा यांनी छान लिहिलंय. मी यादीबद्दल भर घालते, कारण रांगेच्या कामात यादीच सगळ्यात जास्त दगा देते.

रिअ‍ॅक्टमध्ये यादी दाखवताना प्रत्येक ओळीला की (ओळीची ओळख पटवणारी खूण) द्यावी लागते. पुष्कळ जण तिथे ओळीचा क्रमांक देऊन मोकळे होतात, इशारा जातो आणि सगळं ठीक दिसतं. आता बघा काय होतं. सर्वांत वरची ओळ ११८ नंबरच्या सभासदाची आहे. सचिवांनी तिथे फॅट ४.१ टाकलाय, अजून जतन केलेला नाही. तेवढ्यात दुसऱ्या काट्यावरून ५७ नंबरची नोंद आली आणि यादीत वर बसली. की ओळक्रमांकाची असल्यामुळे रिअ‍ॅक्टच्या लेखी पहिली ओळ तीच आहे, फक्त तिचे प्रॉप्स (बाहेरून दिलेली माहिती) बदलले. ओळीच्या पोटातलं स्टेट जागच्या जागी राहिलं. म्हणजे पडद्यावर ५७ नंबरच्या नावासमोर ११८ चा फॅट! कुठे एरर नाही, कन्सोलवर लाल अक्षर नाही, पैसे मात्र भलत्याच्या खात्यात.

मग सभासद क्रमांकच की म्हणून द्यावा? तोही पुरत नाही. एकाच घरातून एकाच सत्रात गाईचं आणि म्हशीचं असं दोन्ही दूध येतं, मग एकाच कीच्या दोन ओळी होतात. प्रत्येक नोंदीला स्वतःचा आयडी हवा आणि तोच की म्हणून हवा.

मोबाइलवर लांब यादी साध्या मॅपनं, म्हणजे सगळ्या ओळी एकदम तयार करून, काढू नका. रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये फ्लॅटलिस्ट आहे, ती पडद्यावर दिसणाऱ्या आणि आसपासच्या ओळीच तयार ठेवते. वर्षभराच्या नोंदी स्वस्त फोनवर दाखवायच्या तर याला पर्याय नाही.

नीराकाठ

गाय आणि म्हैस एकाच सत्रात, हे आमच्याकडे सर्रास आहे. हे आत्ताच कळलं ते बरं झालं, धन्यवाद. पण वेब आणि मोबाइल एकत्र करण्याचं काय? रिअ‍ॅक्ट नेटिव्ह घेतलं तर तेच कंपोनंट दोन्हीकडे चालतील का?

सह्यकडा

सरळ उचलून चालणार नाहीत. रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये वेबवरची डिव्ह ही चौकट नाही, तिच्या जागी व्ह्यू (View) आहे. मजकूर टेक्स्टच्या आतच लागतो, नुसता व्ह्यूमध्ये टाकलात तर ॲप एरर देतं. सीएसएसमधला वरून खाली झिरपणारा वारसा नाही. फ्लेक्सची दिशा मुळातच उभी. कारण तिथे ब्राउझरच नाही, तुमच्या कंपोनंटमागे अँड्रॉइडचे किंवा आयफोनचे खरे नेटिव्ह घटक तयार होतात. २०१५ च्या मार्चमध्ये ते आयफोनसाठी खुलं झालं, सप्टेंबरमध्ये अँड्रॉइडसाठी. तेव्हापासून घोषणा हीच होती: एकदा शिका, कुठेही लिहा. एकदा लिहा आणि कुठेही चालवा, असं त्यांनी म्हटलं नव्हतं. हा फरक आजही लागू आहे.

रिअ‍ॅक्ट नेटिव्ह फॉर वेब नावाची लायब्ररी आहे, ती व्ह्यू आणि टेक्स्टचं ब्राउझरच्या घटकांत रूपांतर करते. ट्विटरच्या वेबसाइटमागे तीच होती, म्हणजे खेळणं नाही. एक्स्पो (रिअ‍ॅक्ट नेटिव्हसाठीची तयार साधनं) वापरलंत तर ती जोडायला फार कष्टही नाहीत. पण तुमच्या बाबतीत दोन्हीकडचे पडदेच वेगळे आहेत. सचिवांना कीबोर्डवर एंटर-एंटर करत पुढे जायचंय, रुंद तक्ता हवाय. सभासदाला अंगठ्यानं बिल बघायचंय. जे पडदे एकमेकांसारखे नाहीत ते ओढूनताणून एका कंपोनंटमध्ये बसवले की आत नुसत्या जर-तरच्या अटी माजतात.

वाटून घ्यायचा आहे तो हिशोब. दरपत्रकातून दर काढणं, रक्कम, कपात, बिल, आकड्यांची तपासणी हे सगळं एका वेगळ्या पॅकेजात, टाइपस्क्रिप्टमध्ये (माहितीचे प्रकार तपासणारी जावास्क्रिप्ट), रिअ‍ॅक्टचं नावही न घेता लिहा. वेब, मोबाइल आणि सर्व्हर तिघंही तेच पॅकेज वापरतील. मग सचिवांच्या पडद्यावरची रक्कम आणि सभासदाच्या फोनवरची रक्कम यांत पैशाचाही फरक पडायला जागा राहत नाही.

पैशावरून आठवलं, रक्कम दशांशात ठेवू नका. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही, शेपटाला ४ चिकटतो. १.००५ ला १०० नं गुणलं की १००.५ च्या किंचित खालचा आकडा येतो आणि गोलाई चुकीच्या बाजूला जाते. सगळं पूर्णांकात ठेवा. ७.३ लिटर म्हणजे १०० मिलीलिटरचे ७३ भाग, ३४.५० रुपये म्हणजे ३४५० पैसे. गुणाकाराला १० नं भागलं की २५१८५ पैसे, म्हणजे २५१ रुपये ८५ पैसे. रुपये फक्त दाखवताना करायचे.

कळफलक

हिशोबाचं वेगळं पॅकेज पटलं. पण मग मोबाइल फ्लटरमध्ये केलं तर तो हिशोब डार्टमध्ये परत लिहावा लागेल, हे माझ्या सल्ल्याच्या विरुद्ध जातंय. तिघांच्या टीमसाठी एक भाषा हाच मोठा मुद्दा आहे, मान्य. तरी एक विचारतो. एअरबीएनबीनं २०१८ मध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्ह सोडलं ना?

फलाटपाच

सोडलं, आणि कारणंही मोकळेपणानं लिहिली. पण त्यांची परिस्थिती बघा. त्यांची मोठी नेटिव्ह ॲप्स आधीपासून होती आणि त्यांत काही भाग रिअ‍ॅक्ट नेटिव्हचा घुसवला होता. म्हणजे दोनऐवजी तीन बाजू सांभाळायच्या, आणि त्या जोडणीतच पुष्कळ शक्ती गेली. नवं छोटं ॲप कोऱ्या पाटीवर करणाऱ्याला तो दाखला तसाच लागू होत नाही.

शिवाय तेव्हाचं रिअ‍ॅक्ट नेटिव्ह आणि आजचं यांत फरक आहे. तेव्हा जावास्क्रिप्ट आणि नेटिव्ह बाजू एका पुलावरून जेसनचे (मजकुराच्या रूपातले) निरोप पाठवून बोलायच्या, आणि पटापट स्क्रोल केलं की पूल तुंबायचा. नव्या रचनेत पूल काढून थेट जोडणी दिली आहे. ऑक्टोबर २०२४ च्या ०.७६ आवृत्तीपासून तीच मुळातली रचना आहे. नवीन प्रकल्प सुरू करताना जुन्या लेखांतल्या तक्रारी वाचल्यात, तर लेखाची तारीख आधी बघा.

माळरान

मी वेगळंच म्हणतो. सभासदाला फक्त बघायचंय ना? मग ॲप कशाला? वेबच नीट करा, सर्व्हिस वर्कर (नेट नसतानाही पान चालू ठेवणारी ब्राउझरमधली स्क्रिप्ट) लावा, होमस्क्रीनवर आयकॉन येईल. प्ले स्टोअरची परवानगी नको, अपडेटची वाट नको, फोनमधली जागा नको. निरोपही जातात, आयफोनवर तर मार्च २०२३ च्या १६.४ आवृत्तीपासून होमस्क्रीनवर ठेवलेल्या वेब ॲपला सूचना पाठवता येतात. टीम लहान आहे. जे कोड लिहिलंच नाही ते कधी मोडत नाही.

सह्यकडा

माळरान यांचं म्हणणं मी हलकं घेणार नाही. नीराकाठ यांनी पहिल्या टप्प्यात हेच करावं असं मलाही आता वाटतंय. हिशोबाचं पॅकेज वेगळं असेल तर पुढे रिअ‍ॅक्ट नेटिव्ह जोडताना फक्त पडदे लिहायचे राहतील. पण एक अडचण सांगतो. गावाकडे पुष्कळ लोक ॲप म्हणजे प्ले स्टोअर असंच धरतात, ब्राउझरमधून होमस्क्रीनवर टाकणं समजावून सांगावं लागतं. दहा दिवसांचं बिल घ्यायला सभासद संस्थेत येतातच, तेव्हा सचिवांनी हातात फोन घेऊन बसवून दिलं तर जमेल.

शिरोरेघ

इतकी चर्चा झाली, पण मराठीचा विषय कुणीच काढला नाही. ॲप मराठीत असणार ना? मग हे आत्ताच बघा.

पहिलं, आकडे. कीबोर्ड मराठी असेल तर माणूस ४.१ असं देवनागरी अंकांत टाकतो. जावास्क्रिप्टच्या नंबरला देवनागरी अंक कळत नाहीत, तो नॅन (म्हणजे 'आकडा नाही') देतो. इनपुटचा प्रकार नंबर ठेवलात तर ब्राउझर ते मूल्य रिकामंच धरतो, सचिवांना वाटतं आपण टाकलं आणि तुमच्या हाती काहीच नाही. इनपुट मजकुराचं ठेवा, इनपुटमोड डेसिमल द्या (फोनवर आकड्यांचा कीबोर्ड यावा म्हणून), आणि देवनागरी अंक बदलून घेणारं फंक्शन त्या सामायिक पॅकेजात टाका. दाखवताना उलटी सोय आयती आहे: जावास्क्रिप्टच्या इंटल नंबरफॉरमॅटला एमआर-आयएन (भारतातली मराठी) सांगितलं की १२,३४,५६७ असा लाखांचा स्वल्पविराम आणि मराठी अंक दोन्ही मिळतात.

दुसरं, नावांचा शोध. यात भलेभले अडकतात. कऱ्हाडकर हे आडनाव दोन प्रकारे टाइप होतं. एकात ऱ हे वेगळं अक्षर, मग हलन्त आणि ह. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर आणि ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत. र आणि नुक्ता अशा जोडीतून बनलेला ऱ युनिकोडच्या एनएफसीनं (अक्षरं एका ठरलेल्या रूपात आणायची पद्धत) जुळून येतो, पण जॉइनरवाला प्रकार त्यानंही जुळत नाही. शोधाआधी दोन्ही बाजू एकाच रूपात आणणारं फंक्शन तुम्हालाच लिहावं लागेल. नाहीतर सचिव नाव शोधतील, सापडणार नाही, आणि एकाच सभासदाची दोन खाती तयार होतील.

तिसरं, नियंत्रित इनपुट, म्हणजे जिचं मूल्य स्टेटमधून येतं ती चौकट. दर अक्षराला मूल्य साफ करून परत स्टेटमध्ये टाकायची सवय अनेकांना असते. मराठी कीबोर्ड शब्द जुळवत असताना मध्येच मूल्य बदललं की जुळणी तुटते, अक्षरं दुप्पट होतात, मात्रा गळतात. साफसफाई माणूस त्या चौकटीतून बाहेर पडल्यावर करा. अक्षरमर्यादेचंही तेच: श्री हे आपल्याला एक अक्षर, जावास्क्रिप्टच्या मोजणीत ४. मर्यादेनं मध्येच कापलं की शेवटचा हलन्त लोंबकळत राहतो.

चौथं, पानाला भाषा एमआर सांगायला विसरू नका. ज्या फाँटमध्ये मराठी रूपं दिलेली असतात तिथे ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात, हिंदीच्या नाहीत. स्क्रीन रीडरही योग्य आवाज निवडतो. आणि पुढे रिअ‍ॅक्ट नेटिव्ह केलंत तर लाइनहाइट आवळून ठेवू नका, र्कीं सारख्या अक्षरांवरची रेफ-वेलांटी अँड्रॉइडवर वरून छाटली जाते. इंग्रजी मजकुरावर तपासून ठरवलेलं अंतर मराठीला पुरत नाही.

फलाटपाच

शिरोरेघ, हे स्वतंत्र धागा काढून लिहा, फार लोकांच्या उपयोगी पडेल. या सगळ्यासाठी मराठी इनपुटचा एकच कंपोनंट करायचा आणि सगळ्या फॉर्ममध्ये तोच वापरायचा. सुधारणा एका जागी केली की सगळीकडे पोचते. कंपोनंट पद्धतीचा खरा फायदा इथे हाताला लागतो.

नीराकाठ

मंडळी, मनापासून आभार. आमचं असं ठरलंय: हिशोबाचं पॅकेज आधी, टेस्टसकट. त्यावर रिअ‍ॅक्टमध्ये संस्थेचा पडदा. सभासदांसाठी सध्या वेबच, आणि प्रतिसाद बघून रिअ‍ॅक्ट नेटिव्ह.

शेवटचे दोन प्रश्न. संकलन चालू असताना नेट गेलं तर? आणि पावतीचा छोटा थर्मल प्रिंटर आहे, त्यावर मराठी येईल का?

सह्यकडा

नेटचं आधी. नोंदीचा आयडी सर्व्हरनं देईपर्यंत थांबू नका, ब्राउझरमध्येच यूयूआयडी (दुसऱ्या कुठल्या नोंदीशी न जुळणारा लांब आयडी) तयार करा आणि नोंद लगेच इंडेक्स्डडीबीत (ब्राउझरमधल्या साठवणीत) ठेवा. नेट आलं की पाठवा. पाठवताना मध्येच तुटलं आणि तीच नोंद परत गेली, तरी आयडी तोच असल्यामुळे सर्व्हर ती दुसऱ्यांदा धरणार नाही. फलाटपाच यांनी ज्या कीबद्दल लिहिलं ती कीही हाच आयडी. प्रत्येक ओळीवर पोचली की पाठवायची बाकी आहे ते स्पष्ट दाखवा, आणि बाकी असलेल्या नोंदींचा आकडा वर कायम दिसू द्या. पक्की झालेली नोंद दुरुस्त करायची वेळ आली तर जुनी खोडू नका, दुरुस्तीची वेगळी नोंद टाका. हिशोब तपासणाऱ्याला दोन्ही दिसल्या पाहिजेत.

शिरोरेघ

प्रिंटरचं मी सांगतो. या छोट्या प्रिंटरांना थेट मजकूर पाठवला तर ते स्वतःच्या आतला फाँट वापरतात, आणि त्यात देवनागरी बहुधा नसते. असली तरी जोडाक्षरं फुटतात. म्हणून पावतीचा वेगळा कंपोनंट करा, छपाईच्या स्टाइलमध्ये कागदाची रुंदी द्या (५८ किंवा ८० मिलीमीटर, रोल बघून), आणि ब्राउझरच्या छपाईतून ड्रायव्हरमार्फत पाठवा. तेव्हा अक्षरं चित्र म्हणून जातात आणि जशीच्या तशी उमटतात. फाँट जरा ठळक घ्या, बारीक रेघा थर्मल कागदावर पुसट येतात. आणि पहिली चाचणी कऱ्हाडकरांच्या नावानंच करा.